प्रस्तुत पेठ

“सूनबाई, इषय बदलून घे. तोंडी परीक्षेत नवऱ्याचं नाव घ्या लागन तुले. मंग काय करशीन?”

गोदावरीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. त्यांची सून वच्छला हसली. ती बी.ए. होती. आता लोकप्रशासन आणि नगररचना घेऊन एम.ए. करत होती. पदवीसाठी लेखी पेपर होते, एका वस्तीची पाहणी होती, तिचा नकाशा, त्यावर प्रबंध आणि शेवटी तोंडी. पाहणीला तिच्या वाट्याला अकोल्याच्या जुन्या शहरातली एक पेठ आली होती. पेठेचं नाव आणि तिच्या नवऱ्याचं नाव एकच. अर्धं विष्णूचं, अर्धं शंकराचं.

“आई, ते पेठेचं नाव आहे. यांचं नाही.”

“हो मा. पन तोंड त तुह्यंच हाये नं.”

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. असल्या गोष्टी आता राहिल्या नाहीत, असं वच्छलाचं मत होतं.

पेठेत ती दारोदार फिरली. प्रत्येक घरात पहिला प्रश्न कर्त्या पुरुषाच्या नावाचा. एका उंबऱ्यावर केशरबाई म्हणून एक बाई भेटली.

“ज्यानं गोवर्धन उचलला, तो,” केशरबाई म्हणाली.

“म्हणजे कृष्णराव?”

“तुमी म्हना. मी कायले म्हनू?”

वच्छलानं पायरीवर बसून तिला समजावलं. नाव घेतल्यानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही, तसं मानणं हा निव्वळ भाबडेपणा आहे. केशरबाईनं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “तुमच्या मालकाचं नाव काय?”

वच्छलाला एकदम आठवलं की नालीचं माप घ्यायचं राहिलंय.

प्रबंधावर शीर्षक मार्गदर्शक सरांनीच घातलं. आत सगळीकडे तिनं ‘प्रस्तुत पेठ’ असं लिहिलं. सरांना ते फार भारदस्त वाटलं.

पदवी मात्र हवीच होती. ती मिळाली तर अमरावतीच्या नगरपालिकेत नोकरी ठरल्यासारखी होती. न मिळाली तर नवरा नोकरीला होता त्या धारणीला बिऱ्हाड हलवायचं. मेळघाटात पावसाळ्यात मोटार बंद झाली की डॉक्टर कुठून आणायचा? आणि लेक शालू जेमतेम दीड वर्षाची. शालूला शिंक आली तरी वच्छला थर्मामीटर शोधायची, आणि तो सापडेपर्यंत स्वतःच तापायची.

तोंडीच्या दिवशी गोदावरीबाई शालूला घेऊन कॉलेजच्या व्हरांड्यात बसल्या. आत सर होते आणि बाहेरगावचे एक परीक्षक, केस पिकलेले, हातात पेन्सिल.

“पाहणी कोणत्या वस्तीची केलीत?”

“अकोल्याच्या.”

“अकोल्यात कुठल्या?”

“मोर्णा नदीपलीकडच्या. जुन्या शहरातल्या.”

“जुन्या शहरात वस्त्या पुष्कळ आहेत.”

तिनं नकाशावर बोट ठेवलं.

“बोटानं नाही, बाई. ही तोंडी परीक्षा आहे.”

“प्रस्तुत पेठ,” वच्छला म्हणाली.

सर खाली पाहू लागले. परीक्षकांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. “जिथे पाहणी केली त्या पेठेचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. पाहणी तुम्हीच केलीत, की दुसऱ्या कुणाकडून करवली?”

पदवी हातातून चाललेली तिला दिसली. तिच्या मागे धारणी दिसलं. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला.

“घे वं माय, नाव घे. लग्नात घेतलं होतं तसं.”

वच्छलानं डोक्यावर पदर घेतला. नकाशाकडे पाहून म्हणाली,

“आधी खोदावी नाली, मग बांधावा रस्ता,
अमुकरावांच्या पेठेसाठी खाल्ल्या मी खस्ता.”

अमुकच्या जागी तिनं नाव घेतलं. स्वच्छ ऐकू येईल असं घेतलं.

परीक्षक आधी चक्रावले. मग सरांकडे पाहून हसले. “उखाणा ठीक. नाली आधी, हेही ठीक. पण पेठेच्या नावात ‘राव’ नाही, बाई. साधं नाव सांगा.”

उखाण्यात घेतलेल्या नावाला माफी असते. साध्या नावाला नसते. हे कुठल्याच पेपराला नव्हतं, तरी तिला पाठ होतं. बाहेर शालू रडायला लागली. वच्छलानं डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. नुसतं नाव, पुढे पेठ. ‘राव’ नाही, काही नाही.

ती पास झाली. बाहेर येताच गोदावरीबाईंनी तिच्या हातावर पुडीतली साखर ठेवली.

“घेतलं?”

“घेतलं.”

“राव म्हनली होतीस नं?”

वच्छलानं साखर तोंडात टाकली. तोंड भरलेलं असताना बोलू नये.

त्यानंतर पावसानं धारणीची मोटार बंद झाली. तिकडून पत्र नाही, निरोप नाही. वच्छला सुशिक्षित आहे. नगरपालिकेत रुजू झाली आहे. नाव घेतल्यानं आयुष्य कमी होत नाही, हे ती आजही कुणालाही पायरीवर बसून समजावून सांगेल. पण तुमच्यापैकी कुणी तिकडे जात असेल, जीपनं, बैलगाडीनं, कसंही, तर धारणीच्या ब्लॉक ऑफिसात जरा डोकवा. उंच आहेत, चष्मा लावतात, बोलताना मान डावीकडे कलते. नाव मला विचारू नका, मी एकदा घेतलं तेवढं पुरे झालं. अर्धा विष्णू, अर्धा शंकर म्हणा, कुणीही दाखवील. बरे आहेत ना, तेवढं पाहून या.