खण-नारळाचा मोबदला

डोणगावच्या शाळेत राष्ट्रीय समाजसेवा पुरस्काराची समिती बसली होती. परीक्षकांत चारुलता सर्वांत लहान, मांडीवर तिचं तापाने किरकिरणारं बाळ. समोर उभ्या शालूबाई दाईने वीस वर्षं गावोगाव फुकट बाळंतपणं केली होती. “काहीच घेत नाही?” अध्यक्षांनी विचारलं. “बारशाले खण-नारळ घेतो. खोटं काऊन सांगू?” “म्हणजे मोबदला झाला; पुरस्कार तर विनामोबदला सेवेलाच,” म्हणत त्यांनी यादीतल्या तिच्या नावावर रेघ ओढली. चारुलता मात्र बोललीच. “साहेब, सकाळी सरपंचांकडून आपणही शाल-नारळ घेतले. मग आपण पगारी का?” “अहो, तो मान होता!” “तिचाही मानच.” बाळाने भोकाड पसरलं. “द्या इकडे, तुमी बोला,” शालूबाई म्हणाली. बाळ देऊन चारुलताने पेनाला टोपण लावलं. “तिचं नाव नसेल, तर यादीवर माझी सही नाही.” सगळ्यांच्या सह्यांशिवाय यादी पुढे जाणार नव्हती. अध्यक्षांनी यादी नव्या कागदावर लिहायला घेतली, पहिलं नाव शालूबाईचं.