थेट मळ्यातला माल

प्रयोगशाळेत ती बुरशीतून आणि झाडपाल्यातून औषधं शोधायची, पण घरी वडिलांच्या गळी एक गोळी उतरवताना तिच्या नाकी नऊ यायचे. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली ती गोळी पाहिली की, जन्मभर भाजीचा माल थेट मळ्यातून उचलत आलेले आप्पा तोंड फिरवायचे. "कारखान्यातलं रसायन मी पोटात घालणार नाही."

"पालथ्या घड्यावर पाणी!" ती करवादायची. शेवटी एका सकाळी तिने सगळी विद्या पणाला लावली. "आप्पा, हे औषध माणसाला पहिल्यांदा सापडलं ते बुरशीत. आपल्या यकृतात एक एन्झाइम कोलेस्टेरॉल बनवत बसतं. बुरशीतला पदार्थ त्याचे हात बांधून ठेवतो. याहून नैसर्गिक काय हवं तुम्हाला?"

आप्पांचे डोळे चमकले. "बुरशी? मग हे आधी नाही का सांगायचंस, बाई! आता तू मागे लागू नकोस, माझं मी घेतो."

चला, सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरात कुबट वास यायला लागला, म्हणून तिने खालचं कपाट उघडलं. आत गोळ्यांची न फोडलेली पाकिटं होती. शेजारच्या डब्यात हिरवी लव आलेले पावाचे तुकडे मांडलेले, आणि त्यातला एक अर्धा खाल्लेला.

"आप्पा! हे काय?"



"तूच म्हणालीस ना? मग मध्ये दलाल कशाला?"