स्वरूपच्या हातचा चहा

दर हिवाळ्यात इथे आखातात, सखीरच्या वाळवंटात आमच्या ग्रुपचा तंबू लागतो आणि माझ्या नवऱ्याचा, स्वरूपचा चहा गाजतो. आलं ठेचून, गवती चहा कापून, पावडर आणि साखर मोजून डबा मी भरते. तो गॅस पेटवतो आणि वाहवा घेतो.

यंदा मी गेले नाही. आईचे दिवस आटोपून परवाच गुहागरहून परतले होते. इथल्या सनद भागातल्या आमच्या घरात बॅग अजून बांधलेलीच होती आणि मी तिच्या शेजारी नुसती बसले होते. रडूही येत नव्हतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे 'यल्ला, यल्ला', चला लवकर, असा गलका चालला होता. त्यातून बाजूला जाऊन त्यानं आवाज अगदी खाली आणला. मला वाटलं, जेवलीस का विचारेल.



"पूर्णिमा, माझ्या चहात मी काय काय घालतो गं?"