एका पावलाचा फॅक्स

"टोन नाही म्हणतोय," अनय कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाला.

शेवंतीने स्वयंपाकघरातला फोन उचलला, कानाला लावला आणि तिथूनच ओरडली, "नाय कसो? हो काय घूंऽऽ करता हा! तुझ्या त्या डब्याक कान नाय काय?"

"काकी, तो आधी खाली ठेवा ना!"

डबा म्हणजे मोडेम. त्याच्यातून स्कॅन केलेला एक कागद आफ्रिकेतल्या एका बंदरावर पोचवायचा होता, आणि तोही चारच्या आत. चारला हर्षदचं जहाज सुटणार, मग तीन आठवडे नुसतं पाणी. "लेकीचं निदान पाऊल तरी दाखवा," असं त्याने सकाळी फोनवर आईला, म्हणजे शेवंतीला, सांगितलं होतं. जहाज कंपनीच्या एजंटच्या ऑफिसात तो फॅक्स मशीनशेजारी बसून होता.

कागद चंद्रप्रकाशांनी आणला होता. ते हर्षदचे वडील. सूतिकागृहातल्या नर्सने शिक्क्याच्या शाईत बुडवून नातीचं पाऊल उमटवून दिलं होतं. शाई पुसू नये म्हणून घाटकोपर ते मुलुंड तो कागद त्यांनी रिक्षात दोन्ही तळहातांवर असा धरला, की रिक्षावाला प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी मागे वळून विचारायचा, "साहेब, जाऊ?"

नाक्यावरचा फॅक्सवाला रविवारचं शटर ओढून झोपला होता. उरला अनय, सुनेचा भाऊ. "विंडोज काय, कोणीही वापरतं," म्हणत त्यानेच दिवाळीत या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं होतं. त्यामुळे आता त्याला पळायलाही जागा नव्हती.

"डब्याला कान आहेत हो काकी, पण परदेशी! आपला टोन त्याला टोन वाटतच नाही." बोलता बोलता अनयचेच डोळे चमकले. त्याने मोडेमच्या सूचनांच्या ओळीत दोनच अक्षरं वाढवली. एक्स आणि तीन.

"म्हणजे काय केलंस?" चंद्रप्रकाशांनी विचारलं.

"त्याला सांगितलं, टोनची वाट बघू नकोस. सरळ नंबर लाव."

"म्हणजे आमच्या हिच्यासारखं. समोरच्याचं हॅलो होण्याआधीच सुरू."

मोडेमने नंबर लावला. पलीकडून शिट्टी आली. मग याने असा काही गळा काढला, की समोरच्या बिल्डिंगमधल्या पोपटाने तो सूर पाठ केला. पुढे महिनाभर त्या घरच्या फोनवर भलत्याच लोकांचे फॅक्स यायचे, असं तिथली मंडळी अजून शपथेवर सांगतात.

"लागला! काका, लागला!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन टिण्ण झाला. मोडेम त्याच लाइनवर बोलू लागला की तो तसा किणकिणायचाच, पण हे शेवंतीला कोण सांगणार?

"हॅलो! हर्षद? अरे झिला, शिटी कित्याक मारतंस?"

पडद्यावरचे आकडे थिजले. लाइन गेली.

"काकी!"

"फोन वाजलो तर उचलूक नको?"

"वाजला नाही, किणकिणला!"

दुसऱ्यांदाही तसंच झालं. "हात आपसूक गेलो रे," शेवंती रडवेली होऊन म्हणाली. घड्याळात चार वाजत आले होते. मग तिने आपणहून बाहेरच्या खोलीत फतकल मारली, दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसली.

"लाव आता."

मोडेम केकाटला. आत फोन किणकिणला. शेवंतीचे खांदे कानांपर्यंत चढले, पण हात जागचे हलले नाहीत. पडद्यावर आकडे सरकत होते.

"गेला! काकी, गेला! झकास!"

चंद्रप्रकाशांनी चक्क उडी मारली. त्यांच्या गुडघ्याने त्याचा हिशोब नंतर आठवडाभर मागितला.

आणि फोन वाजला. किणकिणला नाही, चांगला खणखणीत वाजला.

"उचला काकी!"

"आता नाय उचलूचंय. मघाशी किती ओरडलंस!"

"उचला हो!"

ती धावली. रिसीव्हर कानाला लावला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "शिटी... तोच शिटी मारता हा!"

"ठेवू नका! धरून ठेवा!" मोडेमला फॅक्स धाडायचं शिकवलं होतं, घ्यायचं शिकवायचं राहूनच गेलं होतं. अनयची बोटं कीबोर्डवर धावली. शेवंती काठोकाठ भरलेलं तपेलं धरावं तसा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होती. ना हॅलो, ना हूं.

"आता ठेवा!"

थोड्या वेळाने प्रिंटर खरखरायला लागला. कागद बोटबोटभर बाहेर येत होता. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

आधी दिसलं ते त्यांनीच धाडलेलं, चिंचेएवढं पाऊल. त्याच्या शेजारी काळी बोटं उतरू लागली, अंगठा तर त्या अख्ख्या पावलाएवढा. मग चवडा, मग तळवा, इंजिनच्या तेलाने माखलेला. टाच कागदावर मावलीच नव्हती.

चंद्रप्रकाशांनी चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड करून तो बराच वेळ पुसत राहिले.

शेवंतीने कागद हातात घेतला, उजेडात धरला, नाकाशी नेला.

"कितीदा सांगलंय ह्या झिलाक," ती म्हणाली, "घरात येताना पाय धुवन ये म्हणान."