गाठीची जागा

डॉक्टरांनी ड्रायव्हरच्या मानेवर दोन बोटं दाबली, सरकवली, पुन्हा दाबली. मग खुर्ची मागे घेतली.

"गाठ हाताला लागत नाहीये," ते म्हणाले. "स्कॅनमध्येही नाही. फुप्फुसातल्यासुद्धा निम्म्यावर आल्यात."

ड्रायव्हरने स्वतःच मान चाचपून पाहिली. "म्हणजे लस लागू पडली?"

"तुम्हाला पडली," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी बंद दाराकडे बघितलं.

दाराबाहेर गणिताच्या बाई बसल्या होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्वचेचा कॅन्सर ड्रायव्हर आणि बाई, दोघांच्याही अंगात लांबवर पसरलेला. ड्रायव्हरचा कानामागच्या तिळापासून सुरू झाला होता, बाईंचा तळपायावरच्या डागापासून. बाकीचे उपाय करून झाले, तेव्हा दोघंही या लसीच्या चाचणीत आले. ज्याच्या त्याच्या गाठीचा तुकडा काढून त्यावरून ज्याची त्याची लस बनवायची, म्हणजे शरीर स्वतःच गाठींशी लढायला लागेल. कुणाला लागू पडेल, हे बनवणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं.

इंजेक्शननंतर थोडा वेळ बाहेर बाकावर बसवून ठेवत. बाईंचा दंड लालभडक व्हायचा, ताप चढायचा, हुडहुडी भरायची, आणि त्या खूश. "बघा ड्रायव्हरसाहेब, माझी कामाला लागली," ब्लँकेटमधून त्या म्हणायच्या. "तुमची अजून लोळत पडलीये." ड्रायव्हरच्या दंडावर मात्र कधी काही उमटलंच नाही. आपल्याला नुसतं पाणी टोचतात, अशी त्याची खात्री झाली होती.

तो बाहेर आला, तेव्हा बाई वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या. त्यांना त्याच्या आधीच आत बोलावलं होतं. शेजारी त्यांची लेक पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती. तिच्या डोळ्यांकडे पाहून ड्रायव्हर काय ते समजला. तसंच पुढे निघून जावं असं त्याला वाटलं, पण बाईंनी मान वर केली.

"माझं नाव कमी केलं चाचणीतून," त्या म्हणाल्या. "यकृतातल्या वाढल्यात. नव्याही निघाल्या. तुमचं काय?"

"ठीक आहे. म्हणजे... बघू म्हणाले."

"ड्रायव्हरसाहेब, उभा जन्म वर्गात गेला माझा. थाप कोण मारतंय ते मला तोंडावरून कळतं."

ड्रायव्हर खाली बघत राहिला. घरी बायको फोनपाशी बसली असेल. तिला ओरडून सांगावी अशी बातमी, आणि इथे ती चोरीच्या मालासारखी खिशात दाबून उभं राहायची वेळ आली होती.

"गेली," तो पुटपुटला. "मानेवरची. पार गेली."

लेकीने तोंड फिरवलं.

"हात लावू?" बाईंनी विचारलं.

त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं, कॉलर ओढून धरली आणि त्यांच्यासमोर वाकला. बाई भिंतीला धरून उठल्या. त्यांची बोटं गार होती. त्यांनी आधी एक बाजू चाचपली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"नेमकी कुठे होती?"

त्याने त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. "इथे. चांगली गोटीएवढी होती."

बाईंनी दाबून पाहिलं. आणखी जोरात दाबलं. त्याला दुखलं, पण तो हलला नाही. त्यांनी एखादा टोमणा मारला असता, "नशीबवान आहात" म्हणाल्या असत्या, तरी त्याला बरं वाटलं असतं.

"अगं, इकडे ये," बाईंनी लेकीला हाक मारली. "तूही बघ हात लावून. खरंच गेलीये."

लेक जागची हलली नाही. ड्रायव्हर कॉलर धरून, मान वाकवून, तसाच उभा राहिला.