चार चौकटी

खोकं बांधायला सुतळी पुरेना, तेव्हा वडिलांनी लेकीच्या खोलीतल्या पडद्याची दोरी काढली. खोक्यात तिची जपानी चित्रकथांची सगळी पुस्तकं होती.

"जपून बांधा, कोपरे दुमडतील," आई म्हणाली.

"विकायचीच आहेत ना?"

"म्हणून काय दुमडायची?"

खोलीत कालच एक नर्स राहायला आली होती. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र फाटकावर तशीच होती आणि चौकशीला मुली येतच होत्या. निघताना आईने नर्सला बजावलं, "कुणी आलं तर खोली गेली म्हणून सांग."

लेक वर्षापूर्वी भांडून गेली होती. भांडण या पुस्तकांवरूनच. तिला तसलीच चित्रं काढायची होती आणि चित्रांनी पोट भरत नाही, असं वडिलांचं ठाम मत होतं. शिवाय ती घरातही त्या पुस्तकांतल्यासारखी वागायची. दारात चपला काढल्या की वळून, बाहेर तोंड करून, जोडीने लावून ठेवायची. वडील म्हणायचे, "पळायची तयारी आधीच." शेवटी पळालीच. नंबरही बदलला.

मग गेल्या महिन्यात पाकीट आलं. आत एक लांबट कागद, त्यावर आडव्या ओळीत चार चौकटी. अक्षर एक नाही.

वडिलांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. चष्मा लावून, बोट ठेवत त्यांनी एकेक चौकट बघितली. टेबलाशी तिघं, समोर वाफाळते कप. मग अर्ध्या उघड्या दारात पाठमोरी लेक, पाठीवर बॅग. मग रस्ता. मग आगगाडीच्या खिडकीशी ती एकटी.

"निरोप घेतलाय," ते म्हणाले. "कायमचा."

आई त्या दिवशी जेवली नाही. नंतर तिला ती रिकामी खोली बघवेना, म्हणून पाटी लागली.

जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने खोक्यातलं वरचं पुस्तक उचललं आणि शेवटच्या पानापासून उघडलं.

"मागून काय बघताय?" वडिलांनी विचारलं.

"हे पुढूनच आहे. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात, चौकटीसुद्धा. आपल्यासारखं वाचलं तर मेलेला माणूस उठून भांडायला लागतो."

आईने पर्समधून तो लांबट कागद काढला. "एवढं वाचून दाखवता?"

दुकानदाराने उजव्या टोकावर बोट ठेवलं. "गाडीत बसली. रस्त्याने चालत आली. दार उघडलं. आता सगळी चहा पिताहेत." त्याने कागद परत दिला. "कुणीतरी घरी येतंय. हात छान आहे हो."

वडील बराच वेळ चष्मा पुसत राहिले. आईच्या डोळ्यांना धार लागली आणि ती हसतही होती.

"खोकं उचला," ती म्हणाली.

वाटेत वडिलांनी बेत सांगितला. नर्सला दुसरी जागा बघून द्यायची. तोवर लेक बाहेरच्या खोलीत झोपेल.

"तुम्ही झोपाल बाहेरच्या खोलीत," आई म्हणाली.

"बरं, मी झोपेन." एवढ्या लवकर ते कधी ऐकत नसत.

फाटकावरची पाटी त्यांनी स्वतः काढली आणि खोक्यावर ठेवली. नर्सने दार उघडलं.

"एक मुलगी येऊन गेली," ती म्हणाली. "बॅग घेऊनच आली होती. मी सांगितलं, खोली गेली, तिथे आता मी राहते. जरा वेळ उभी राहिली, मग गेली निघून."

"बरं केलंस," आई चपला काढत म्हणाली. "आता कुणी यायचं नाही. पाटी काढली."

"वाईट वाटलं मला. मी दार उघडायच्या आधीच बिचारीने चपला काढल्या होत्या. वळून, बाहेर तोंड करून, अगदी जोडीने लावून ठेवल्या होत्या."