निळी माती

भर दुपारी ड्रोनने टिपलेल्या उष्णतेच्या चित्रात डोंगराचा तापलेला कातळ तांबडा दिसत होता आणि धनगरवाड्यामागची माती गर्द निळी. भूशास्त्रज्ञ शलाकाने ते चित्र ठकूबाई कोकरेंपुढे धरलं. वाड्यावर त्यांचाच शब्द चाले.

"निळी म्हणजे आत पाणी मुरलेली, गार माती. पावसात ती कातळावरून घसरू शकते, आजी."

"कवा?"

"ते नाही सांगता येत. कदाचित घसरणारही नाही. पण माझी आई इथे राहत असती, तर मी तिला आजच खाली नेलं असतं."

ठकूबाईंनी वाड्यामागच्या डोंगराकडे एकवार पाहिलं. मग उठून म्हणाल्या, "चला, शेरडं सोडा."

सगळे खालच्या शाळेत राहायला गेले. आषाढ संपला तरी डोंगर जागचा हलला नाही. दाटीवाटीने माणसं कावली, ठकूबाईंना बोल लावू लागली. आपण उगाच सगळ्यांना घरं सोडायला लावली, या विचाराने शहरात शलाकाला झोप येईना.

श्रावणातल्या एका सकाळी ठकूबाईंचा फोन आला.

"डोंगर खाली आला, पोरी. एक घर ऱ्हायलं न्हाई."

"आणि माणसं?"

"समदी हायती."

शलाकाला हुंदका आवरेना.

पलीकडून ठकूबाई हळूच म्हणाल्या, "घरं आमची गेली, आन् रडतीस तू?"